रिकामा स्लॉट

‘रॅम अशी टाका, की पुढे बघायला नको,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी मदरबोर्ड बघतो. रॅमचं पुढचं सगळं तिथेच ठरलेलं असतं. डीडीआर४ची स्टिक डीडीआर५च्या स्लॉटात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. बरंच आहे ते, एकीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१. एएमडीचं २०२२चं एएम५ सॉकेट तर फक्त डीडीआर५ घेतं. त्यामुळे आजची रॅम उद्याच्या मशीनला लावू, हा हिशेब बहुतेक वेळा फसतो. त्याच मशीनमध्ये वाढवायला जागा ठेवायची, एवढंच आपल्या हातात.

खरा पेच दोन स्लॉटच्या स्वस्त बोर्डावर येतो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथे हिशेब बघणाऱ्या काकांना टॅली आणि ब्राउझर पुरतो. त्यांना मी १६ जीबीची एकच स्टिक देतो, दुसरा स्लॉट मोकळा. पण ग्राफिक्स कार्डाशिवाय व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या पोराला आठ-आठच्या दोन. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, दोन चॅनल मिळाले की लगेच फरक दिसतो. मात्र वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील, हे त्याला आधीच सांगतो.

चार स्लॉट असले की लोक निर्धास्त होतात. डीडीआर५ला ते महागात पडतं: दोन स्टिकवर ५६००च्या वेगाने पळणारं मशीन चार भरल्यावर कित्येकदा ३६००वर येतं. म्हणून तिथे दोनच, पण मोठ्या.

लॅमिंग्टन रोडवरून जोडीची दुसरी स्टिक नंतर आणू म्हणाल, तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलमध्येही आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. चालतात बहुधा, पण वेग दोघींपैकी हळू असेल तिचा. स्टिकरचा फोटो तरी काढून ठेवा.

आणि मोकळा ठेवलेला स्लॉट आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत अगदी मोकळा राहत नाही. धूळ बसते. काही वर्षांनी नवी स्टिक लावली, की मशीन नुसतं बीप-बीप करतं आणि गिऱ्हाईकाला वाटतं रॅमच खराब दिली. आधी ब्लोअर मारायचा, जुन्या स्टिकचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसायचे, मग क्लिक ऐकू येईपर्यंत दाबायची.

पातळ लॅपटॉपवाल्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांची रॅम बहुतेकदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे १६च्या खाली मी घेऊ देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.