एक मास्तर, एक न झालेला मास्तर

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आठ दिवस टॉवर बंद होता. रेंज नाही, काही नाही. त्यामुळं बऱ्याच वर्षांनी दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२).

'बनगरवाडी' तशी लहानच, दोन बैठकांत संपेल. मी मुद्दाम पुरवून पुरवून वाचली. माणदेशातली धनगरांची वाडी, तरणा मास्तर, पोरं मेंढरामागं गेलेली म्हणून शाळा ओस. हळूहळू मास्तर वाडीचाच होतो, तालमीसाठी खटपट करतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण माणसं अशी की चहा प्यायला उठलो तरी ती डोक्यातून हलत नव्हती.

'बारोमास' मात्र मध्येच बाजूला ठेवावी लागली. एकनाथ एम.ए. बी.एड. झालेला. संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही, म्हणून शेती. शहरातून आलेली बायको, अलका, घरात धुमसतेय. माडगूळकरांचा मास्तर शाळा भरवायला आडरानात जातो आणि ४७ वर्षांनी आलेल्या कादंबरीत शिकलेल्या पोराला मास्तर व्हायलाच पैसे मोजावे लागतात. आता शिक्षकभरतीला पवित्र पोर्टल आहे, पण तेव्हा आमच्याकडं सरळ आकडाच सांगायचे.

मलाही सांगितला होता. मीही बी.एड. आबा दोन एकर विकायला तयार झाले, गिऱ्हाईक रान बघूनही गेलं. दादा आडवा आला. "तुला नोकरी लागंल, माझ्या पोरांनी काय खायचं?" अकरा वर्षं मी हे मनात धरून बसलो. त्याच्याशी कामापुरतंच बोलायचो. तालुक्याला एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो.

त्यामुळं वाचताना साहजिकच मी स्वतःला एकनाथ समजत होतो. पण पुढं पुढं त्याच्या जागी दादाच दिसायला लागला. शेतीतलं मरण तर त्यानं काढलं, मी पंख्याखाली बसून उधारी मांडली. त्याचंही खातं माझ्याच वहीत आहे! शेतकऱ्यांवरच्या पोस्टी मी रोज फॉरवर्ड करतो, पण हे कधी सुचलं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री दादानं विचारलं, "एवढं काय वाचतुयास?" पुस्तक त्याच्या हातात दिलं. तो दहावी शिकलेला, पेपर सोडून काही वाचत नाही.

काल फोन आला. खताबद्दल असेल असं वाटलं.

"निम्मी झाली. बोली तिकडची हाय, पण कळतंय. त्या अलकाला घरच्यांनी जरा समजून घ्यायला पायजे हुतं."

मागून वहिनी काहीतरी म्हणाली. ते काही नीट ऐकू आलं नाही.