माळाला डोंगराचं माप कशाला?

सोलापूरकराला पावसाळ्यात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: तुमच्याकडे फिरायला आहेच काय? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ठोसेघर किंवा आंबोली असते. आमच्याकडची कॉलेजची पोरंही जोडून सुट्टी आली की पश्चिमेची गाडी धरतात, ते याच समजुतीतून. या समजुतीचं कारण निसर्गाची कंजुषी हे नसून आपण धरलेलं माप आहे, असं मला इथं राहून वाटत आलं आहे. सह्याद्रीत कडा आणि पाऊस असला की धबधबा आपसूक होतो. आमच्या अवर्षणाच्या मुलखात पाणी दिसतं ते बहुतेक कुणीतरी अडवलं म्हणून. तेव्हा इथं फिरायच्या जागा शोधायच्या तर डोंगर सोडून आधी बांध शोधावेत.

याचा सगळ्यात देखणा पुरावा हैदराबाद रस्त्यावरचं नळदुर्ग. जिल्हा धाराशिव, पण सोलापूरकराला ते घरचंच. तिथं बोरी नदीचं पाणी किल्ल्याच्या आत घेऊन दोन भागांच्या मध्ये उंच दगडी बंधारा घातला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 च्या सुमाराचं हे काम. बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल. भर पावसाळ्यात सांडव्यांवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळत असतात, आणि त्यांच्या आडच्या दालनात उभं राहिलेला माणूस कोरडा असतो. कानात नुसता गडगडाट आणि खिडकीबाहेर पांढरा पडदा. यावर आक्षेप येतो, की हा कसला धबधबा, वरचं बोरी धरण भरलं तर वाहणार, नाही तर नाही! आक्षेप खरा आहे. पण कोरड्या सालात तोच बंधारा उघडा पडतो, त्याची बांधणी निवांत पाहता येते. आणि तो वाहतोय या एका बातमीत त्या वर्षीचा पाऊस कळतो. ज्यांना माणसाचा हात नसलेलंच पाणी हवं, त्यांनी बालाघाटाच्या कडेला येडशीच्या रामलिंगला जावं. घळईतलं देऊळ, भोवती अभयारण्याची झाडी आणि चांगला पाऊस झाला तर धबधबाही.

दुसरा आक्षेप उन्हाचा आणि उजाडपणाचा. माळावर सावली नाही, बघायला काही नाही. पहिलं मान्य, दुसरं चुकीचं. नान्नजचा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, ते गवताचं जंगल आहे. 1979 मध्ये इथल्या माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालेल्या अभयारण्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. त्यात लोकांची शेतं, गावं सगळीच आली, साहजिकच तक्रारी झाल्या, आणि पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ. काळवीट मात्र दिसतात, लांडगाही आहे. उजाड दिसतंय म्हणून इथं झाडं लावायचा उत्साह अनेकांना येतो. तो आवरायला हवा, कारण माळढोकाला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. झाडांची भिंत त्याच्या उपयोगाची नाही. (वृक्षारोपणाचे फोटो छान येतात, हे कबूल.)

सगळ्यात वजनदार आक्षेप पक्षिमित्रांचा: लोकांना बोलावलं तर हेही माळ जातील. तो मी उडवून लावणार नाही. पण उत्तर वेळापत्रकात सापडतं. माळढोकाची वीण पावसाळ्यात, तेव्हा त्या दिवसांत नान्नजकडे फिरकू नये. ते दिवस नळदुर्गचे आणि रामलिंगचे. थंडीत हिप्परग्याच्या तळ्यावर जावं. 1871 चा हा एकरुख तलाव इंग्रजांनी अदिला नदीवर बांधला, शहराला अजून पाणी देतो, आणि त्या दिवसांत तिथं पट्टकदंब हंस उतरतात. माळावर जायचं ते थंडीतच, वनखात्याने आखून दिलेल्या वाटेने आणि सकाळी लवकर. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की दुपारपर्यंत भागतं, आणि दुपारनंतर त्या उन्हात थांबायचंही नसतं.