मिशीचे व्रत

दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे दोन ऋतूंमधला उंबरठा. पहाटे अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते आणि धुरकट आकाशातून सूर्य फिकट तबकडीसारखा वर येतो. याच सुमारास गुरुग्राम किंवा नोएडा येथील काही कचेऱ्यांत, नव्याने रुजू झालेल्या मराठी तरुणाला एक चमत्कारिक दृश्य दिसते. एरवी गुळगुळीत दाढी करून येणारे सहकारी एकाएकी मिशा राखू लागतात. कोणाची मिशी झुबकेदार, कोणाची विरळ, तर कोणाची केवळ आशेवर उभी!

या व्रताचे माहेर ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहर होय. 2003 साली तेथील दोन मित्रांनी मागे पडलेली मिशीची रीत पुन्हा आणायचे ठरविले आणि 30 जण त्यात सामील झाले. पुढच्याच वर्षी या गमतीला सत्कार्याची जोड मिळाली व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी निधी जमू लागला. कालांतराने वृषणाचा कर्करोग आणि पुरुषांचे मानसिक स्वास्थ्य हे विषयही त्यात आले. तेथील बोलीत मिशीला ‘मो’ म्हणतात. तिला महिन्याचे नाव जोडून ‘मोव्हेंबर’ झाला. नियम साधा आहे. 1 तारखेस चेहरा स्वच्छ करावा, महिनाभर केवळ मिशी वाढवावी आणि आप्तेष्टांकडून यथाशक्ति देणगी मागावी.

आपल्याकडे तिरुपतीला केस अर्पण करण्याची प्रथा आहे. येथे केस वाढविणे हेच दान! शिवाय मिशीला पीळ देणे हे आपल्या भाषेत पुरुषार्थाचे लक्षण. पण हा पीळच कित्येकदा घातक ठरतो. दुखणे अंगावर काढावे, मनातले बोलू नये, डोळ्यांत पाणी आणू नये, हीच मर्दुमकी अशी शिकवण पुष्कळांना लहानपणापासून मिळालेली असते. ज्या मिशीने पुरुषाला गप्प बसविले, तिनेच त्याला बोलते करावे, ही या व्रताची खरी खुबी.

परमुलुखात आलेल्या एकट्या तरुणाला या बोलण्याची गरज अधिक असते. राजधानी परिसर अफाट आहे. गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात, नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात. एका नोकरीच्या वाटेवर दोन राज्यांच्या सीमा ओलांडाव्या लागतात. त्यात भाषेच्या गमती. ‘मुलाला चांगली शिक्षा मिळाली’ हे शेजाऱ्याचे हिंदी वाक्य ऐकून मराठी माणूस दचकतो. शेजारी बिचारा शिक्षणाविषयी बोलत असतो. ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मिशीच्या व्रताला दोन्ही अर्थ लागू पडतात. दिवसभर अशा धडपडीत गेल्यावर रात्री भाड्याच्या खोलीतून आईला दूरध्वनी जातो, ‘मी मजेत आहे.’ त्या एका वाक्यामागे किती एकटेपण दडलेले असेल, हे घरच्यांना कसे कळावे?

वास्तविक दिल्ली मराठी माणसाला अगदीच परकी नाही. पहाडगंजमध्ये बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा आहे. गणेशोत्सवात येथील मराठी कुटुंबे एकत्र येतात. 1954 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन येथे भरले. त्यानंतर तब्बल 71 वर्षांनी, 2025 साली, डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा राजधानीत आले. नवागताने अशा ठिकाणी एकदा डोकावले, की ओळखीच्या दोन हाका कानी पडतात. नव्या शहरात रुजण्यास तेवढा ओलावा पुष्कळदा पुरतो.

आता मिशीमागील शिकवणीकडे वळू. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो आणि आरंभी तो काहीच लक्षण दाखवीत नाही, असेही घडते. लघवीस वारंवार जावे लागणे, धार मंद होणे किंवा लघवीतून रक्त जाणे, या तक्रारी इतर कारणांनीही उद्भवतात. म्हणून तर्क करीत न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा. पन्नाशीनंतर तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. घराण्यात हा रोग असल्यास त्याआधीच. वृषणाचा कर्करोग मात्र तरुणांना गाठतो. तेथे न दुखणारी गाठ लागली, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. दिल्लीत 1956 साली स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि तिचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था हरियाणातील झज्जर जिल्ह्यात 2019 पासून सुरू आहे. मन खचले असेल, तर ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. 2022 साली सुरू झालेल्या या सेवेवर मराठीतूनही बोलता येते.

तेव्हा वाचकहो, दूर शहरी गेलेल्या तुमच्या मुलाने वा भावाने नोव्हेंबरात मिशी राखलेले छायाचित्र धाडले, तर अवश्य हसा. परंतु हसून झाल्यावर ‘जेवलास का?’ या नेहमीच्या प्रश्नाला आणखी एक जोडा: ‘मन रमते का रे तिथे?’ आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्याच दिवशी विचारा, शेवटची तपासणी केव्हा केली होती? मिशी महिनाअखेर उतरेल. हे विचारणे मात्र बाराही महिने चालू राहावे.