पाचव्या पडद्यावरचा रे

इंग्लंडमधल्या वायगनजवळच्या आमच्या गावात चर्चला लागून एक सभागृह आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे युकुलेले हे चार तारांचं छोटं वाद्य वाजवणारे जमतात. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. चहा-बिस्किटांसाठी डब्यात नाणी टाकायची. बहुतेक जण निवृत्त. कुणी आयुष्यभर बस चालवली, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणारे त्यांत एक-दोघंच, आणि गुरुवारी त्यांनाही तिची गरज पडत नाही. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, संध्याकाळी मोकळ्या झाल्या, तेव्हा मी तिथे जाऊ लागले.

समोरच्या भिंतीवर गाण्याचे शब्द दिसतात. ज्या अक्षरावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलायची, त्या अक्षराच्या डोक्यावर तिचं नाव: सी, एफ, जी सेव्हन. नाव कळलं तरी बोटं कुठे ठेवायची हे सांगणारी एक चौकट बाजूला असते. उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या म्हणजे पडदे, ठिपका असेल तिथे बोट. लिहिलेलं असतं ते एवढंच. चाल, लय, कुठल्या शब्दावर किती थांबायचं, हे सगळं कानांनी उचलायचं.

मला हे परकं वाटलं नाही. मी मिरजेची. वडील भजनी मंडळात गायचे. त्यांच्या वहीत अभंगाचे नुसते शब्द असत. फार तर कोपऱ्यात कुठल्या अभंगाच्या चालीवर ते लिहिलेलं. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी पुढे स्वतःची स्वरलिपी तयार केली, पण तालीम तोंडीच राहिली. पाच रेघा वाचणाऱ्याला केवढं भांडार खुलं होतं हे मी जाणते. तरी वाचता येत नाही म्हणून वाद्याला हात न लावणारी माणसं दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. कुणीतरी लहानपणी त्यांना दारातच अडवलेलं असतं.

इथे कुणी अडवत नाही. नवीन माणसाला जुन्या माणसाच्या डावीकडे बसवतात, म्हणजे त्याला शेजाऱ्याचा डावा हात नीट दिसतो. पहिल्या दिवशी फक्त सी. तीन तारा मोकळ्या, चौथीवर तिसऱ्या पडद्यापाशी एक बोट. गाण्यात सी आली की वाजवायचं, एरवी नुसतं गायचं. मग ए मायनर, तीही एका बोटाची. मग दोन बोटांची एफ. मंडळ चालवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. ते एकच नियम घालून देतात: हरवलात तर थांबा, गाणं सोडू नका, पुढच्या ओळीला येऊन मिळा. इतक्या जणांच्या आवाजात गाणं पुढे जातच असतं. एकट्याने घरी शिकणाऱ्याला हे सुख नाही. तो थांबला की गाणंही थांबतं.

वाद्याची गोष्टही मला चहाच्या वेळी तिथेच कळली. 1879 च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मळ्यातलं काम संपल्यावर त्यांनी आपल्याकडच्या छोट्या गिटारीसारख्या वाद्यावरून हे नवं वाद्य घडवलं. हवाईच्या कालाकौआ राजाने ते उचलून धरलं. ऐकताना मला मिरजेचे तंतुवाद्य कारागीर आठवले. त्यांचे पूर्वजही शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तेच हात पुढे सतार-तंबोऱ्याकडे वळले.

वायगनला या वाद्याचा वेगळा अभिमान आहे. जॉर्ज फॉर्म्बी 1904 मध्ये इथेच जन्मला. बॅन्जो आणि युकुलेले यांच्या मिश्रणातून झालेल्या बॅन्जोलेलेवर त्याने सगळं इंग्लंड हसवलं, आणि त्यालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन त्याचा भक्त. हॅरिसनच्या स्मरणार्थ 29 नोव्हेंबर 2002 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल झाली. तिच्या पहिल्या भागात अनुष्का शंकरने रविशंकरांची रचना सादर केली आणि अखेरचं गाणं जो ब्राउनने युकुलेलेवर म्हटलं. ती मैफल मी पुन्हा पुन्हा पाहते.

पण मला खरं नवं सापडलं ते जी सेव्हनमध्ये. युकुलेलेचा सी म्हणजे पेटीवरची पांढरी एक. तो सा मानला तर मोकळ्या तारा होतात प, सा, ग, ध. पहिलीच प ची तार शेजारच्या सा पेक्षा उंच. तारा चढत्या क्रमाने नाहीत. तंबोऱ्याच्या तारा छेडलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सी म्हणजे सा-ग-प, हेही कानाला ओळखीचं. जी सेव्हनमध्ये मात्र प, रे, म, नी असे चार स्वर एकदम उठतात. त्यांतल्या म ला ग कडे जायचं असतं, नी ला सा कडे. पुढची सी वाजते आणि दोघेही आपापल्या घरी पोचतात. आमच्याकडे सा खाली सतत तेवत असतो आणि गाणारा त्याच्यापासून दूर जाऊन परत येतो. इथे खालची जमीनच सरकते. सभागृहात सगळ्यांनी मिळून जी सेव्हनवरून सीवर यावं आणि ती ओढ सुटलेली माझ्या छातीशी धरलेल्या लाकडाच्या पेटीतून जाणवावी, हे मी आजवर कुठल्या मैफलीत अनुभवलं नव्हतं.

मध्यंतरी प्रत्येकाने आपल्याकडचं एक गाणं आणायचं ठरलं. मी वडिलांकडून ऐकलेला विठ्ठलाचा एक गजर निवडला. त्याची चाल भूपातली, म्हणजे सा, रे, ग, प, ध. त्यांतले चार स्वर मोकळ्या तारांतच आहेत, त्यामुळे सी आणि ए मायनर सहज बसल्या. अडलं ते रे वर. तिथे सगळ्यांचा हात आपोआप जीकडे जात होता, आणि जीमध्ये नी आहे. भूपात नी नाही. लागला की चाल दुसरीच व्हायची. मी ते गाऊन दाखवलं, नी घेऊन आणि नी वगळून. दुसऱ्यांदा ऐकल्यावर शाळेत स्वयंपाक केलेल्या बाई म्हणाल्या, पहिल्यात कुणीतरी अनोळखी माणूस खोलीत येतो.

मग नी काढायचा कसा यावर चहा निवला तरी चर्चा चालली. एकाने नी वाजणारी शेवटची तार सोडूनच द्यावी असं सुचवलं, पण दणक्यात वाजवताना ती सुटत नाही. अखेर त्या बाईंनीच करंगळी लांबवून तीच तार पाचव्या पडद्यावर दाबली. तिथे रे मिळतो. आता चारही तारांत फक्त प आणि रे. करंगळी ताणते, सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नाही ते त्या जागी वाद्य न वाजवता टाळ्यांचा ठेका धरतात. आता त्या गजराच्या कागदावर रे च्या अक्षरावर जी लिहिलेली आहे, आणि तिला एक छोटी चौकट जोडली आहे, पाचव्या पडद्यावर ठिपका असलेली.