मुका झालेला संगणक

रविवारी सकाळीच मामाचा फोन. "अरे, अपग्रेड केलं आणि ऑर्का मुका झाला!" मामाला दिसत नाही, लिनक्सवर त्याचा सगळा भरवसा ऑर्कावर. मी सवयीने विचारलं, "स्क्रीनवर काय दिसतंय?" आणि जीभ चावली.

ऑर्का स्वतः बोलत नाही. तो मजकूर स्पीच-डिस्पॅचरला देतो, आणि तो पुढे एस्पीक-एनजीला. मामाने कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून अंदाजानेच 'एसपीडी-से' चालवलं. शांतता. थेट 'एस्पीक-एनजी' मात्र बोललं! म्हणजे गडबड मधल्या डिस्पॅचरची. त्याची होम फोल्डरमधली जुनी सेटिंग फाईल बाजूला केली, पुन्हा लॉगिन केलं, आणि फोनवर मलाही ऑर्का ऐकू आला.

संध्याकाळी मॉनिटर बंद करून मीही हेच करून पाहिलं. दुसऱ्याच कमांडला अडकलो.