चेंजओव्हरचा खटका

पुण्याकडील वाचकांस गुरुवारचें माहात्म्य निराळें सांगावयास नको. पिंपरी, भोसरी, चिंचवड येथील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी याच वारीं असते, आणि तारा-खांबांच्या दुरुस्तीसाठीं महावितरण कंपनीही बहुधा याच दिवशीं वीज बंद ठेवते. पंखा थांबला कीं आपण त्रासिक मुद्रेनें वर पाहतों. पण त्याच घटकेस कोठेंतरी एखादा वायरमन खांबावर चढलेला असतो, ही गोष्ट सहसा मनांत येत नाहीं. आणि ज्यांचें काम थांबवून चालत नाहीं, त्यांचे जनरेटरही नेमके तेव्हांच सुरू होतात. या दोहोंची गांठ पडूं नये म्हणून विजेच्या नियमांत जी तजवीज आहे, तीविषयीं आज दोन शब्द लिहावेसे वाटतात.

चाकणजवळ आमच्या भाच्याचें लहानसें वर्कशॉप आहे. दिवे, पंखे व हिशेबाचा संगणक चालावा एवढ्यापुरता एक छोटा जनरेटर त्यानें घेतला. शेजारच्या गाळेवाल्यानें त्यास स्वस्त युक्ति सांगितली : दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करावयाची, एक टोंक जनरेटरला, दुसरें भिंतींतल्या प्लगमध्यें, मेन स्विच तेवढा आठवणीनें पाडावयाचा. "मामा, यांत बिघडतें काय?" असें भाच्यानें आम्हांस विचारलें.

बिघडतें तें असें. मेन पाडण्याचें एक दिवस राहून गेलें, तर जनरेटरची वीज गाळ्यांतच न थांबता उलट रस्त्यावरच्या तारेंत शिरते. तेथील रोहित्र अकरा हजार व्होल्टचे चारशें करतें खरें, पण उलट दिशेनें वीज दिली तर तेंच यंत्र चढत्या क्रमानें काम करतें, आणि दोनशें तीसचे हजारों व्होल्ट होऊन वरच्या तारेंत जातात. शेजाऱ्यांचा भार अंगावर येऊन लहान जनरेटर तत्क्षणीं बंद पडेल, असें कोणी म्हणेल. पुष्कळदां पडतोही. परंतु दुरुस्तीसाठीं फ्यूज काढून तो भाग वेगळा केलेला असला, तर ओढावयास भारच उरत नाहीं. वायरमननें तार तपासून ती जमिनीशीं जोडल्यावांचून हात लावूं नये हा नियम आहेच. पण त्याच्या सावधगिरीवर आपला निष्काळजीपणा उभा करावा, हें आम्हांस तरी पटत नाहीं. शिवाय त्या उघड्या पिनेस वर्कशॉपमधील पोराचा हात लागला तर, तो प्रश्न निराळाच.

चेंजओव्हर स्विचची रचनाच अशी असते कीं, खटका एकीकडे पडला तर दुसरीकडचा मार्ग आपोआप तुटतो. मनुष्याच्या स्मरणावर कांहींच सोंपविलेलें नसतें. तीन फेजच्या जोडणींत तो चार पोलांचा घ्यावा, म्हणजे न्यूट्रलही बदलतो. नाहीं तर बंद समजलेल्या लाइनीच्या न्यूट्रलमध्यें जनरेटरमुळें दाब उभा राहूं शकतो. भाच्यानें हिशेब केला. जनरेटरच्या मानानें स्विचचा खर्च अगदींच किरकोळ निघाला, आणि ती दुपिनी वायर त्यानें कापून टाकली.

सन 1956 च्या भारतीय विद्युत् नियमांत, ग्राहकानें जनरेटर चालू करण्यापूर्वीं तीस दिवस अगोदर वीज पुरविणारास व विद्युत् निरीक्षकास कळवावें, आणि दहा किलोवॅटहून मोठा असल्यास निरीक्षकाची लेखी संमति घ्यावी, असें कलम पुढें घालण्यांत आलें होतें. त्या नियमांची जागा 2010 च्या व नंतर 2023 च्या सुरक्षा-विनियमांनीं घेतली. पुण्यास तर सन 2006 मध्यें भारनियमन टाळण्यासाठीं कारखान्यांनीं ऐन मागणीच्या वेळीं स्वतःचे जनरेटर चालवावेत व त्या महाग विजेचा बोजा ग्राहकांनीं वांटून घ्यावा, अशी योजना नियामक आयोगाच्या मान्यतेनें अमलांत आली होती. एवढाले जनरेटर शहराच्या उपयोगीं पडले, ते जोडणी शिस्तीची होती म्हणूनच.

छपरावर सौर पट्ट्या बसविलेले आमचे एक स्नेही तक्रार करीत होते कीं, लख्ख ऊन असतांहि वीज गेली कीं यंत्र बंद! बॅटरीशिवायच्या, केवळ लाइनीशीं जोडलेल्या यंत्रास तसें शिकविलेलेंच असतें. कारण तेंच, खांबावरचा माणूस. ऐकून स्नेही गप्प झाले. बिलावरचा त्यांचा राग मात्र कायम आहे.

घरच्या इन्व्हर्टरांत ही अदलाबदल आंतल्या आंत होते. तरी बसविणारा घाईंत इन्व्हर्टरच्या दिव्यांचा न्यूट्रल इतर खोल्यांच्या न्यूट्रलमध्यें मिसळून देतो. मग गळतीच्या विजेपासून वांचविणारा आरसीसीबी वरचेवर पडूं लागतो, आणि "सारखा पडतो" म्हणून तोच काढून टाकण्यांत येतो. घरांत असें झालें असल्यास जाणत्या, परवानाधारक वायरमनकडून दोन्ही न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत, आणि तो आरसीसीबी परत जागेवर बसवावा.