केलांग ते लेह : शेवटच्या बाकावरून

प्रवासवर्णनांत हिमशिखरे असतात, सरोवरे असतात. बसच्या शेवटच्या बाकाविषयी मात्र कुणी फारसे लिहीत नाही. मोजक्या पैशांत हिंडणाऱ्याचा निम्मा प्रवास तर त्याच बाकावर होतो.

गेल्या जुलैत आम्ही पतिपत्नी, पाठीवर एकेक पिशवी घेऊन, मनालीहून लेहला निघालो. २०२० साली ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ टळला आहे. पलीकडे तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम लागतो. पंढरपूरला चंद्रभागेत स्नान केलेल्या माणसाला हे नाव इतक्या दूर भेटले, की जिवाला बरे वाटते.

केलांगला रात्र काढून पहाटे पाचला आम्ही साधी बस पकडली. लेह तेथून सुमारे ३५० किलोमीटर. इतक्या लवकर निघण्याला कारण आहे. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढे असलेले ओढे रस्त्यावरून गुडघाभर वाहू लागतात. आमचे दैव असे, की दारच्याच्या पुढे चाक पंक्चर झाले आणि स्टेपनीतही हवा नव्हती. त्या खटपटीत पाच तास गेले आणि बारालाचा खिंडीच्या अलीकडचा ओढा आम्ही ऐन दुपारी गाठला. बस थांबली ती थांबलीच.

तिकिटात वाचवलेले पैसे आता तंबूतील खाटेवर आणि जेवणावर जाणार होते. चार हजार मीटर उंचीवर डोके ठणकत होते. "अहो, दोन दिवसांचा खर्च एका रात्रीत उडेल," पत्नी म्हणाली. मी चालकावर, रस्त्यावर, साऱ्या जगावर चिडलो.

शेजारी दुमक्याचे चार तरुण होते. या सरहद्दीच्या रस्त्यांवर काम करण्यासाठी झारखंडातून दर उन्हाळ्यात मजूर येतात. "कामावर उभे राहिल्यावाचून आमची मजुरी सुरू होत नाही," एवढेच त्यांतला एक जण म्हणाला. त्यांनी तंबूची चौकशीही केली नाही. बसमध्येच कांबळी पसरली आणि कालवलेल्या सत्तूचा एक गोळा पत्नीच्या हातावर ठेवला. आम्हीही तेथेच निजलो.

पहाटे ओढा उतरला होता. कुणी सांगण्याआधीच ते चौघे त्या गार पाण्यात शिरले आणि दगड लावून त्यांनी चाकांपुरती वाट केली. बस पलीकडे गेली. सरचूच्या पुढे, रस्त्यालगतच्या एका तळावर, ते उतरून गेले.

तांगलांग खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. ती ओलांडून उपशीपाशी सिंधू दिसली तेव्हा सूर्य कलला होता. दिवसभर हाडे खिळखिळी झाली होती. पण रस्त्याला दूषण देण्यास जीभ वळली नाही.

या वाटेने जाणाऱ्यांनी केलांगला एक दिवस अधिक राहावे, म्हणजे उंचीची थोडी सवय होते. आणि एका रात्रीचा खर्च वेगळा बांधून ठेवावा.